जुनी पिस्तुले : नंबर, शिकल आणि नेम

इंदूरला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रविद्या शिकवणारी एक केंद्रीय शाळा आहे. तिच्या संग्रहालयात एक लहानसे पिस्तूल कित्येक वर्षे इतर शस्त्रांच्या रांगेत पडून होते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. २०१६ साली तो रंग खरवडला गेला आणि खालून आकडा वर आला : १६८८९६. लाहोर खटल्याच्या कागदपत्रांत याच आकड्याचे .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल नोंदलेले आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर भगतसिंगांनी झाडलेले ते हेच. पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील संस्थेतून १९६९ साली आणखी काही शस्त्रांबरोबर ते इंदूरला आले होते, आणि मधली सगळी वर्षे आपल्यापासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर, इंदूर-इच्छापूर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी म्हणून पडून राहिले. आता ते पंजाबात हुसैनीवाला येथे ठेवले आहे.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पिस्तुलांवर लेख कशाला, असे बुधवाऱ्यातील कोणी ज्येष्ठ विचारतीलच. त्यांना आमचे उत्तर असे की, दरवर्षी असीरगड, खूनी भंडारा आणि शाही किल्ला यांवर लेख येतात आणि यावेत, पण आमच्यासारख्या मेकॅनिकलची पदविका घेऊन सरकारी फायलींत बसलेल्या माणसाचा जीव यंत्रात गुंततो. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांचा छंद जगभर आहे. ती जमवायची, आपल्या हाताजोगी करून घ्यायची आणि रेंजवर कागदी लक्ष्यावर नेम मारायचा. या छंदाला आपल्या मराठी इतिहासाचा एक मोठा धागा जोडलेला आहे आणि दुसरा धागा थेट आपल्या जिल्ह्यातून जातो. दोन्ही धाग्यांविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी शब्द स्पष्ट करू. जुन्या कागदांत 'ऑटोमॅटिक पिस्तूल' असे लिहिलेले असते, पण ते मशीनगनसारखे धडाधड चालत नाही. प्रत्येक गोळीसाठी चाप एकदा ओढावाच लागतो. मात्र गोळी सुटताना जो धक्का बसतो, त्याच धक्क्याच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मुठीतल्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. म्हणून अर्धस्वयंचलित. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चाक असते, ते इथे नाही. त्यामुळे हे शस्त्र चपटे होते आणि कोटाच्या खिशात मावते. इतिहासात या चपटेपणाला फार महत्त्व आले.

अशी पिस्तुले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाली. बोर्खार्टचे १८९३ चे, माउझरचे १८९६ चे. पण खिशात मावेल, अडणार नाही आणि सामान्य माणसाला परवडेल असे पिस्तूल दिले ते अमेरिकेच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. त्याचे पहिले यशस्वी पिस्तूल अमेरिकेत तयार झालेच नाही. बेल्जियममधल्या एर्स्ताल गावच्या एफएन कारखान्याने ते काढले. १९०० सालचे ते मॉडेल आणि त्यासाठी आधीच्या वर्षी निघालेले ७.६५ मिलिमीटरचे काडतूस. आपण ज्याला .३२ म्हणतो ते हेच काडतूस. पिस्तुलाची रचना आमच्यासारख्याला मोहात पाडणारी आहे : नळी सांगाड्याला पक्की बसवलेली, आणि धक्का झेलणारी स्प्रिंग नळीच्या खाली नसून वर. तीच स्प्रिंग पिन पुढे ढकलण्याचेही काम करते. एका स्प्रिंगकडून दोन कामे करून घेणारा माणूस आमच्या वर्कशॉपच्या सरांना फार आवडला असता. पिस्तूल इतके खपले की फ्रान्समध्ये 'ब्राउनिंग' हा शब्दच पिस्तुलासाठी रूढ झाला.

आपल्याकडे ते पुस्तकांच्या पेटीतून नाही, पण पेटीतूनच आले. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये चतुर्भुज अमीन हा स्वयंपाकी होता. १९०९ च्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेला खोटा तळ होता आणि त्या तळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. बैठी पेटी, वर कपडे, खाली पिस्तुले. वीस रिव्हॉल्व्हरे अशी लपली नसती. आम्ही मघाशी चपटेपणाविषयी लिहिले ते यासाठी.

त्यांतले एक नाशिकला पोहोचले. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा अधिकारी म्हणून ओळखला जाई. बाबाराव सावरकरांवरील खटला त्याच्याच कारकिर्दीत चालला आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याची बदली मुंबईला झाली, म्हणून २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात त्याच्यासाठी देवलांच्या 'शारदा' नाटकाचा निरोपाचा प्रयोग ठेवला होता. नाट्यगृहात शिरतानाच विशीतही न पोहोचलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्याच्यावर ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या. जॅक्सन मरण पावला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

या घटनेकडे कोणी कसे पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. जॅक्सनच्या घरी दुःख झाले आणि कान्हेऱ्यांच्या घरीही झाले. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, पोलिसांनी पिस्तुलापासून सुरुवात करून लंडन गाठले. धागा धरला तो लोखंडाचा. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, पिस्तुलांची पेटी न्यायालयात उलगडली, आणि सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपांपैकी दुसरी, ३० जानेवारी १९११ ची, जॅक्सन खुनाला साहाय्य केल्याबद्दलची होती. ब्राउनिंग नसते तर मराठी इतिहासातले अंदमानचे प्रकरण वेगळे लिहावे लागले असते, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

बंगालमध्ये हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. ही माउझर मोठी, लांब नळीची. त्यांची लाकडी पेटीच मागे जोडली की बंदुकीचा दस्ता होई. पण प्रत्येकावर कारखान्याचा नंबर होता आणि कंपनीच्या वहीत तो उतरवलेला होता. पुढे कुठेही एक सापडले की पोलीस वही उघडत. कारखान्यात छिन्नी-हातोड्याने ठोकलेला आकडा किती दूरवर माणसाच्या मागे येतो याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे आम्हाला माहीत नाही.

लाहोरच्या प्रकरणात आपला माणूस होताच. पहिली गोळी झाडली ती शिवराम हरी राजगुरूंनी, पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या. त्यानंतर भगतसिंगांनी कोल्टमधून गोळ्या झाडल्या. हे कोल्टही ब्राउनिंगच्याच डोक्यातून निघालेले. कोल्ट कंपनीने १९०३ पासून अमेरिकेत हार्टफर्डला काढलेले, काडतूस तेच .३२. त्याला 'हॅमरलेस' म्हणजे बिनघोड्याचे म्हणतात, पण नाव फसवे आहे. घोडा असतो, फक्त स्लाइडच्या आत झाकलेला, खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून. आपल्या मध्य प्रदेशातल्या भाबऱ्यात जन्मलेल्या चंद्रशेखर आझादांचे पिस्तूलही .३२ चे कोल्टच होते. २७ फेब्रुवारी १९३१ ला आल्फ्रेड पार्कमध्ये जे त्यांच्या हाती होते ते आज प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. तेथे ते काचेत आहे, नावासह आहे. भगतसिंगांचे मात्र काळ्या रंगाखाली हरवले होते. दोघांत फरक पडला तो कशाने? शौर्याने नव्हे. एकाची नोंद माणसांच्या लक्षात राहिली आणि दुसऱ्याची आवक-जावक रजिस्टरात दबली. सरकारी नोकराला हे समजायला वेळ लागत नाही. आणि रंग फासणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता, हे लक्षात घ्यावे. त्याला शस्त्र गंजण्यापासून वाचवायचे होते. वाचवलेच त्याने.

स्वातंत्र्यानंतर गोष्टीचे तोंड बदलते. ज्या पिस्तुलासाठी पोरे फासावर गेली ते आता खेळाचे साधन होऊ लागले. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद, पेशाने वकील, गांधीजींचे अनुयायी. अहिंसेच्या मार्गाने गेलेला माणूस नेमबाजीच्या संघटनेचा पाया घालतो यात आम्हाला विसंगती वाटत नाही. नेमबाजी हा श्वास रोखून शांत राहण्याचा खेळ आहे. आजही त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा होते आणि लहान गावातून आलेल्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेची पायरी तिथूनच चढावी लागते.

खेळाबरोबर कायदाही आला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अमलात आला. त्याने काही बोअर सामान्य नागरिकाला बंद केले. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटर, .४५, .३८ ही पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे निषिद्ध ठरली. त्यामुळे अमेरिकेत या छंदाचा जो राजा मानला जातो, तो १९११ सालचा .४५ कोल्ट, आणि ब्राउनिंगने हाती घेतलेले व त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या दिउदोने सेव्ह याने १९३५ साली पूर्ण केलेले तेरा काडतुसांचे ९ मिलिमीटरचे हाय-पॉवर, या दोन्हींपासून आपला हौशी माणूस दूरच राहिला. हाय-पॉवरचे भारतीय भावंड ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते, पण ते गणवेशधाऱ्यांसाठी. नागरिकाला उरले .२२ आणि .३२. गंमत अशी की नाशिकच्या नाट्यगृहात आणि लाहोरच्या रस्त्यावर जे काडतूस वाजले, त्याच मापाचे पिस्तूल आज परवानाधारकाच्या कपाटात असते. ब्राउनिंगच्या १८९९ च्या काडतुसाला सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी आपल्या देशात त्याची सद्दी संपलेली नाही.

आता हाताजोगे करून घेण्याच्या भागाकडे वळू, कारण यातच खरी मजा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याने वापरलेली १९११ ची पिस्तुले स्वस्तात बाजारात आली. युद्धासाठी बनवलेले पिस्तूल मुद्दाम सैल जोडलेले असते, चिखल-वाळू शिरली तरी अडू नये म्हणून. ते हलवले तर खुळखुळते. पण पन्नास यार्डांवरच्या कागदावर एका हाताने नेम मारायचा तर हा सैलपणा घात करतो. कारण त्या पिस्तुलात गोळी सुटताना नळी थोडी मागे-खाली सरकते आणि परत वर येऊन बसते. ती दरवेळी अगदी त्याच जागी बसली तरच पुढची गोळी आधीच्या गोळीशेजारी जाईल. तिथल्या कारागिरांनी मग नळीच्या तोंडाशी घट्ट बुश बसवले, स्लाइड आणि सांगाडा यांच्यातली फट कमी केली, चाप हलका आणि स्वच्छ केला, मागच्या खाचेला वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवण्याची सोय केली. ओहायोतल्या कॅम्प पेरी येथे १९०७ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय सामन्यांत ही दुरुस्त पिस्तुले घेऊन माणसे उतरत. ज्याने लेथवर काम केले आहे त्याला समजेल की ही सारी फिटिंगची कला आहे, हजारांश इंचाची. पिस्तूल तेच, पण ज्याच्या हातून गेले त्या मेस्त्रीचे नाव त्याला चिकटते.

आता आपल्याकडे बघा. .३२ च्या जुन्या कोल्टची किंवा एफएनची नळी सांगाड्यातच बसलेली असते, ती गोळीबरोबर हलत नाही. त्यामुळे अमेरिकन कारागीर ज्या गोष्टीवर महिना घालवतो तिची इथे गरजच नाही. या पिस्तुलांचे खरे दुखणे निराळे : म्हातारी झालेली स्प्रिंग आणि वाकलेले मॅगझिनचे ओठ. बाकी माशी इतकी बारीक की पन्नाशीच्या डोळ्याला दिसत नाही. हेही खिशासाठीच, म्हणजे माशी कापडात अडकू नये म्हणून. स्पर्धेसाठी ही पिस्तुले कधी बनलीच नव्हती. त्यांच्याकडून पंचवीस मीटरवर चमत्काराची अपेक्षा करणे म्हणजे सासरेबुवांच्या जुन्या बजाज स्कूटरकडून शर्यत जिंकण्याची अपेक्षा करणे. पण दहा मीटरवर शांतपणे पाच गोळ्या झाडल्या आणि त्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या की जो आनंद होतो तो नव्या पिस्तुलात नाही, असे ज्यांनी अनुभवले ते सांगतात. आम्ही रेंजवर हवेच्या पिस्तुलावरच समाधान मानणारे. तिथे दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते आणि ते दहा मीटरवरून हरभऱ्याच्या दाण्याएवढे भासते.

स्पर्धेच्या पिस्तुलांत हाताजोगे करण्याला नियमांची चौकट आहे. पंचवीस मीटरच्या प्रकारांत चापाला किमान एक किलोचा भार पेलला पाहिजे, हवेच्या पिस्तुलाला अर्धा किलो. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. एकूण वजन, नळीची लांबी, दोन माश्यांमधले अंतर, सगळे मोजलेले, आणि पिस्तूल ठरावीक मापाच्या डब्यात बसले पाहिजे. उरते काय? मूठ. म्हणून नेमबाजाची सारी हौस मुठीवर उतरते. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तळहाताला टेकण्यासाठी खालचा फळा, अंगठ्याची खोबण, घामाने घसरू नये म्हणून कोरलेले ठिपके. कोणी कानस घेऊन स्वतः झिजवतो, कोणी लाकडाच्या लुकणात बोटांचा ठसा घेतो. एकाची मूठ दुसऱ्याच्या हाती बसत नाही, चष्म्यासारखेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. जसपाल राणाने २००६ साली दोह्याला सेंटर-फायर प्रकारात ६०० पैकी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. आपल्या महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात घडलेल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचे रौप्य आणले. त्या प्रकारात शेवटच्या मालिकेत चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल निघाले नसते तर हा खेळच नसता.

आता थोडी घरगुती गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका घरी आजोबांच्या नावचे .३२ चे कोल्ट होते, परवाना वारसाहक्काने मुलाच्या नावे झालेला. मूळ निळसर-काळी झिलई जागोजागी उडालेली, मुठीवर काळसर डाग. एका लग्नाच्या आधी घरच्या कोणाला वाटले की ते चकचकीत दिसावे. एका दुकानात दिले. दुकानदाराने बफच्या चाकावर धरले, कडा गोल केल्या आणि वर निकेल चढवले. परत आले ते आरशासारखे. सगळ्यांनी वाखाणले. पुढे नूतनीकरणाच्या वेळी पडताळणीत अडचण आली. बफने नंबराचे दोन आकडे इतके झिजले होते की भिंगातूनही आठ की तीन हे ठरेना. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार नंबर पुसणे हा गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात पुसलेल्या नंबराचे शस्त्र सापडते, त्यानेच तो पुसला असे, उलट सिद्ध होईपर्यंत, मानले जाते. सत्तरीतल्या त्या गृहस्थांनी आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती. जुन्या परवान्याच्या प्रती, आजोबांच्या काळातली खरेदीची पावती, सगळे गोळा करता करता वर्ष गेले. पावती एका पोथीच्या बासनात सापडली, म्हणून निभावले.

त्या घराने पुढे ते पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली, तेव्हा अशी अनेक जुनी शस्त्रे घरांतून बाहेर पडली. त्यांतली किती कोणाच्या इतिहासाची होती हे आता विचारणार कोण? ज्यांच्या घरी अजून अशी वस्तू आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलामा चढवू नका, घासू नका, रंगवू नका. जुनी झिलई उडाली असेल तर उडू द्या, तेल लावा, कोरडे ठेवा. दुरुस्ती लागली तर शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच न्या, कारण परवान्याशिवाय दुरुस्ती करणे किंवा बदल करणे, मग ते हौसेने का असेना, कायद्याने चालत नाही. आणि आजोबांची पावती जपून ठेवा. छंद म्हणून जुन्या पिस्तुलाचे मोल करणारे जगभरचे लोकही हेच सांगतात : घासून चमकवलेल्या पिस्तुलापेक्षा डागाळलेले मूळ पिस्तूल महाग जाते, कारण त्यावरची अक्षरे शाबूत असतात.

या घासण्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, शिकल. हत्यारावर शिकल करणारा तो शिकलगार. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मराठी मुलखात आडनाव होऊन बसला, सांगली-कोल्हापूरकडे शिकलगार घराणी पुष्कळ आहेत. आपल्या निमाडात हाच शब्द सिकलीगर झाला, पण इथले सिकलीगर शीख आहेत. गुरू गोविंदसिंहांच्या फौजेची हत्यारे धारदार ठेवणारे आपले पूर्वज, असे ते सांगतात. गुरू गोविंदसिंह १७०८ साली नांदेडकडे जाताना बऱ्हाणपुरात थांबले होते, तापीकाठच्या राजघाटाजवळची बडी संगत त्याची आठवण आहे. सिकलीगरांची वस्ती खरगोन, बडवानी, धार आणि आपल्या जिल्ह्यात आहे. आपल्या खकनार तालुक्यातले पाचोरी गाव वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. देशी पिस्तुले पकडली की दिल्ली, पंजाब, हरियाणाचे पोलीस पाचोरीचे नाव घेतात.

हा विषय टाळून बऱ्हाणपुरात बसून पिस्तुलाच्या इतिहासावर लिहिणे आम्हाला अप्रामाणिक वाटले. त्या अवैध धंद्याचे समर्थन कोणी करू नये. त्या पिस्तुलांनी दूर कुठेतरी माणसे मरतात, आणि सापडलेल्या पोराचे आयुष्य तुरुंगात जाते. पण पोलिसांच्या टेबलावर मांडलेल्या छायाचित्रांकडे आमच्या डोळ्याने पाहिले तर आणखी काही दिसते. ब्राउनिंगच्या घाटाची स्लाइड, हाताने कानस मारून केलेली खाच, कधी तर बाजूला 'मेड इन यूएसए' अशी खोटी अक्षरे. म्हणजे हात आहे, कानस आहे, नजर आहे. नंबर मात्र नाही. कॅम्प पेरीच्या कारागिराचे हात आणि पाचोरीतल्या पोराचे हात यांत लोखंडाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. एकाच्या मागे परवाना, कारखाना, खेळाडू, स्पर्धा उभी आहे आणि दुसऱ्याच्या मागे दलाल उभा आहे.

कधी काळी हेच बऱ्हाणपूर शस्त्रे उघडपणे बनवीत असे. औरंगजेबाच्या कारकिर्दीत १६६३ साली इथे ओतलेली मोठी तोफ असीरगडावर होती आणि पुढे ती नागपूरला गेली. ती कुठे आणि कोणाच्या राज्यात ओतली हे तिच्यावरच कोरलेले आहे. लोहारमंडी, शिकारपुरा ही आपल्या शहरातली नावे अजून टिकून आहेत. बुधवाऱ्यातून निघून शनवाऱ्यापर्यंत चालत गेले तर आजही लोखंड ठोकणाऱ्यांचा आवाज कानी येतो, पण तो आता कूलरच्या पत्र्याचा असतो.

पाचोरीच्या तरुणांना सरकारने आणि समाजाने दुसरा धंदा द्यावा अशी मागणी अधूनमधून होते. कोणी वेल्डिंग सुचवतो, कोणी शिलाई. आमच्या मते ज्याला हजारांश इंचाची फट बोटाने समजते त्याला शिलाई शिकवणे म्हणजे तबलजीला चौघडा धरायला लावणे. आपल्याच राज्यात भोपाळला नेमबाजीची मोठी अकादमी आहे, महूला लष्कराचे केंद्र आहे, आणि शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर ऑलिंपिकपर्यंत जाऊन आला आहे. अशा प्रत्येक ठिकाणी स्प्रिंग बदलणारा, चापाचे वजन तपासणारा, अक्रोडाची मूठ हाताला बसवून देणारा माणूस लागतो. महागडी मूठ परदेशातून मागवून इथे पुन्हा कानसावी लागते, हे कोणत्याही नेमबाजाला विचारा. लाकडाच्या मुठीला कोणता परवाना लागत नाही. खकनारहून भोपाळची बस आहे. त्या बसमध्ये पहिला मुलगा कधी बसेल हे आम्ही सांगू शकत नाही, पण त्याच्या पिशवीत कानस असावी.